रंगीत दिव्यांतल्या धबधब्याचा फोटो रात्री बिघडतो तेव्हा काय काय तपासायचं

आधी लक्षणं बघू. फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर न बघता घरी मोठ्या स्क्रीनवर उघडा आणि यातलं नेमकं काय झालंय ते ठरवा.

पाण्याच्या जागी निळ्या किंवा लाल रंगाचा सपाट पट्टा दिसतो. धार कुठली, फेस कुठला, काही कळत नाही.

पाणी पांढरंफटक पडलंय आणि तिथं पाहिलेला रंग फक्त कडेकडेला उरलाय.

दिवे रंग बदलत होते, आणि फोटोतलं पाणी मळकट, पिवळट-राखाडी आलंय.

फोटोभर आडवे काळपट पट्टे आहेत, किंवा सलग धारेऐवजी ठिपक्यांच्या माळा दिसतात.

दगडसुद्धा पुसट आहेत. पाणी पुसट असणं वेगळं, ते वाहतं असतं. दगड पुसट असतील तर कॅमेरा हललाय किंवा फोकस गेलाय.

काळ्या भागात हिरवट-जांभळे ठिपके तरंगतायत, किंवा अख्ख्या फोटोवर दुधट पडदा आलाय.

पुण्यात आणि आसपास रोषणाईचं पाणी भरपूर आहे. लग्नाच्या लॉन्सच्या प्रवेशद्वाराशी बांधलेले धबधबे, सोसायट्यांच्या गेटजवळच्या पाण्याच्या भिंती, मुळशी-लोणावळ्याकडची रिसॉर्ट, गणपतीतले देखावे, शिवाय पंधरा ऑगस्टच्या सुमारास राज्यातल्या काही धरणांच्या सांडव्यांवर सोडतात ते तिरंगी दिवे. माझं काम लग्नाच्या फोटोंचं, त्यामुळे हा बिघाड माझ्यासमोर सारखा येतो. नव्या मुलांच्या कार्डवर असतो, ओळखीतल्यांच्या मोबाइलवर असतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कॅमेरा खराब झालाय का? की लेन्स नवीन घेऊ?" बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. कॅमेऱ्याचा गोंधळ उडतो तो दिव्याच्या रंगामुळे. एकाच रंगाचा झोत पाण्यावर पडला की त्या रंगापुरता फोटो जळतो, आणि कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर तरीही सगळं ठीक आहे असं दाखवत राहतं. म्हणून खालचा क्रम सोडू नका. आधी फुकटातल्या गोष्टी तपासा, खर्चाच्या नंतर.

लेन्सची काच आणि फिल्टर

मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या काचेवर तिरका धरा. तुषारांचे बारीक थेंब असतील तर लगेच चमकतील. पाण्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी ते बसतात, आणि दुधट पडद्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. लॉन्सवर पाणी बहुतेक बोअरचं असतं. ते वाळलं की क्षारांचा पांढरा डाग राहतो आणि दिव्याचा उजेड त्यावर पसरतो. आधी ब्लोअरने फुंका, मग मायक्रोफायबरच्या कापडाने हलक्या हाताने पुसा. शर्टाचं टोक वापरू नका. दोन फोटोंच्या मध्ये लेन्सला टोपण लावायची सवय ठेवा.

लेन्सवर यूव्ही फिल्टर (पुढे चढवलेली संरक्षक काच) असेल तर रात्रीपुरता काढा. दिव्याचा प्रखर उजेड सेन्सरवरून (फोटो जिच्यावर उमटतो ती कॅमेऱ्यातली पट्टी) परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. दिवा डावीकडे खाली असेल तर उजवीकडे वर त्याचं उलटं भूत उमटतं, मध्यबिंदूच्या बरोब्बर समोर. फिल्टर काढून तोच फोटो घ्या. ठिपके गेले तर हे लक्षण मिटलं. राहिले तर लेन्सच्या आतल्या काचांमधलं परावर्तन आहे, मग जागा थोडी बदला आणि दिव्याचं तोंड थेट चौकटीत येणार नाही असं बघा.

दिवे कोणाच्या हातात आहेत ते शोधा

ही तपासणी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि फायदा सगळ्यांत जास्त हिचाच होतो. लॉन्सच्या मॅनेजरकडे किंवा वायरमनकडे त्या दिव्यांचा छोटा रिमोट असतो. नीट विचारलं तर लोक मदत करतात: "काका, दहा मिनिटं रंग बदलणं थांबवता का? आणि ब्राइटनेस पूर्ण ठेवा."

पूर्ण ब्राइटनेस मागायचं कारण असं. रंगीत एलईडी मंद करायचा झाला तर कंट्रोलर त्याला सहसा कमी वीज देत नाही, तो दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतो. डोळ्याला तो मंद दिसतो, पण शटरला, म्हणजे सेन्सरवर उजेड येऊ देणाऱ्या पडद्याला, ती उघडझाप दिसते आणि तेच पट्टे होऊन फोटोत उतरतात. रंग एकच आणि ब्राइटनेस पूर्ण असला की ही उघडझाप बहुतेक थांबते. उजेड जास्त वाटला तर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) कमी करणं आपल्या हातात असतं.

रंग निवडायची संधी मिळाली तर गडद निळा किंवा गडद लाल टाळा, पांढरा किंवा फिकट पिवळसर मागा. सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. निव्वळ निळ्या झोतात निम्मे-अधिक ठिपके जवळजवळ उपाशी राहतात, फोटोचं सगळं काम पाव हिश्शावर चालतं. मग ग्रेन (फोटोतला रवाळपणा) वाढतो, बारकावे जातात आणि दोष लेन्सवर येतो. पांढऱ्या उजेडात सगळे ठिपके कामाला लागतात.

गणपतीच्या देखाव्यात रंग थांबवून मिळणार नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. तिथं गर्दीतून बाजूला व्हा, एक पूर्ण आवर्तन नुसतं बघा आणि रंग कुठे स्थिर राहतो ते लक्षात ठेवा. पुढच्या फेरीला तेवढेच सेकंद पकडा.

वेळ

काळंकुट्ट आकाश आणि झगझगीत पाणी, एवढा फरक एका फोटोत मावत नाही. सूर्य मावळल्यापासून पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं, दगडांना आणि झाडांना स्वतःचा थोडा उजेड असतो. पुण्यात जूनच्या शेवटी सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, डिसेंबरात सहाच्या. दिवे कधी लावणार हे आधी विचारून घ्या आणि त्या वेळेला ट्रायपॉड लावून तयार राहा. जेवणं झाल्यावर रात्री दहाला काढलेला फोटो कितीही मेहनत घेतली तरी इतका सोपा जात नाही.

हिस्टोग्राम: सपाट निळ्या पट्ट्याचं खरं कारण

इथं जरा थांबून वाचा, कारण पहिली दोन लक्षणं इथंच सुटतात.

हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड. बहुतेक लोक कॅमेऱ्यातला एकच पांढरा आलेख बघतात. तो एकूण उजेडाचा असतो, आणि उजेड मोजताना तिन्ही रंगांना सारखं वजन नसतं. टीव्हीच्या जुन्या सूत्रात हिरव्याला ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला जेमतेम ११ टक्के वजन आहे. हा पांढरा आलेख साधारण त्याच वळणाने जातो. म्हणजे निळा पूर्ण जळला तरी पांढरा आलेख डावीकडेच गोळा होऊन बसतो आणि फोटो अजून अंधारा आहे असं सांगतो. आपण विश्वासाने एक्स्पोजर आणखी वाढवतो आणि उरलेसुरले बारकावेही घालवतो.

कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय असते. प्लेबॅकमध्ये माहितीचं बटण दोन-तीनदा दाबलं की ती पानं येतात. निळ्या झोतातला बिघडलेला फोटो उघडून निळा आलेख बघा. तो उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिलेला दिसेल, तिथं सरळ सुळका असेल. आता एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, खाली आणा आणि पुन्हा फोटो घ्या. सुळका अजून भिंतीलाच असेल तर आणखी खाली या. निळा भिंतीपासून सुटला की पाण्याकडे बघा. सपाट पट्ट्यातून आधी फेसाच्या कडा वर येतात, मग दगडाच्या ओठावरून सुटणाऱ्या धारा एकमेकींपासून वेगळ्या होतात. बाकीचा फोटो काळा वाटेल, तो वाटू द्या. सावल्यांमधून उजेड नंतर काढता येतो, पण जळलेला रंग कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आणखी एक बारकावा. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) काढत असलात तरी हा आलेख जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने रंगवून तयार केलेल्या फोटोवरून, काढलेला असतो. पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली रंगांची सेटिंग) भडक ठेवली असेल तर आलेख खरं सांगत नाही. ती न्यूट्रल करा.

सुरुवातीला मॅन्युअल मोडवर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ/८ आणि शटर अर्धा सेकंद ठेवा. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत, पहिला फोटो घेऊन आलेख बघण्यापुरते आहेत. ऑटोवर ठेवू नका. भोवतीचा काळोख बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पाणी पांढरं करून टाकतो, शिवाय रंग बदलला की त्याचा हिशोबही बदलतो.

शटर किती वेळ उघडं

मळकट पाणी, पट्टे आणि ठिपक्यांच्या माळा, या तिन्हींचं मूळ इथं आहे.

मळकट पाण्याचं कारण अगदी सरळ आहे. शटर चार सेकंद उघडं आणि तेवढ्यात दिवे लालवरून हिरव्यावर गेले, तर फोटोत पिवळट पाणी येणार. तिसरा रंगही आला तर राखाडी-पांढरं. दिवे थांबवता येत नसतील तर शटर रंगाच्या मुक्कामापेक्षा लहान ठेवा.

माळांचं गणित बघण्यासारखं आहे. दोन मीटर खाली आलेला थेंब सेकंदाला साधारण सहा मीटर वेगाने पडत असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरवर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीवर) चालणारा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. दोन लुकलुकींच्या मध्ये तो थेंब सहा सेंटिमीटर खाली गेलेला असतो. १/३० सेकंदाच्या फोटोत तीन ठिपके, मध्ये अंधार, झाली माळ. रंगीत दिव्याचे तीन रंग वेगवेगळ्या क्षणी चालू-बंद होत असतील तर एकाच थेंबाच्या मागे लाल, हिरवी, निळी अशी तुटक रेघ दिसते. अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं की मागून येणारे असंख्य थेंब त्या रिकाम्या जागा भरून काढतात आणि धार सलग दिसते.

माणसं पाण्यापुढे उभी असतील आणि शटर वेगवान ठेवणं भाग असेल, तर १/५० किंवा १/१०० वर या. लुकलुकीचं पूर्ण आवर्तन त्यात बसतं, म्हणून पट्टे कमी होतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे लुकलुकता दिवा काही ओळींना पेटलेला मिळतो, काहींना विझलेला.

रेशमासारखं पाणी हवं म्हणून पाच-दहा सेकंद ठेवायचा सल्ला सगळीकडे दिसतो. मला तो लहान धबधब्यांना पटत नाही. त्यातले कित्येक सल्ले नायगारासारख्या प्रचंड धबधब्यांच्या फोटोंवरून आलेले असतात. तिथं १९२५ पासून नियमित रोषणाई होते, २०१६ मध्ये जुने झेनॉनचे दिवे काढून एलईडी बसवले, आणि पाणी काठावरून, बऱ्याच लांबून टिपलेलं असतं. लांबून चौकटीत पाणी सावकाश सरकतं. लॉन्सवरचा तीन मीटरचा पडदा आपण पाच-सात पावलांवरून काढतो, तिथं पाच सेकंदांत पाण्याचा नुसता धूर होतो. मी अशा ठिकाणी पाव ते एक सेकंदाच्या पुढे जात नाही. धारेचा पोत राहतो आणि वाहणंही दिसतं.

एफ/१६ किंवा एफ/२२ वर जाऊन शटर लांबवू नका. एवढ्या बारीक छिद्रातून सगळाच फोटो मऊ पडतो. आयएसओ १०० वर आणा, तेवढ्याने भागलं नाही तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) घ्या, पण तो खर्च शेवटी.

कॅमेरा हलतोय का

ट्रायपॉड आहे म्हणून कॅमेरा स्थिर आहे असं गृहीत धरू नका. लाकडी डेकवर कोणी चाललं तरी कंप येतो. स्टेजजवळ डीजेचा सबवूफर असेल तर जमीनच थरथरते. ट्रायपॉड सिमेंटच्या जमिनीवर न्या, मधली दांडी वर काढू नका, बॅग खाली हुकला लटकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. जुन्या लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) ट्रायपॉडवर स्वतःच कंप आणू शकतं, ते बंद करून एक फोटो घेऊन बघा. ट्रायपॉड आत नेऊ देत नसतील तर कठड्यावर कापडी पिशवीत तांदूळ भरून ठेवा आणि कॅमेरा तिच्यावर टेकवा. तेवढ्याने काम होतं.

फोकस

वाहत्या पाण्यावर ऑटोफोकस धरत नाही, आणि गडद निळ्या उजेडात तर तो पुढे-मागे घरंगळत राहतो. पाण्याच्या शेजारच्या कोरड्या दगडावर टॉर्च मारा, त्याच्या कडेवर फोकस घ्या आणि लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर सरकवा. मग स्क्रीनवर दहापट मोठं करून ती कड तपासा. जागा बदललीत तर हे पुन्हा करा.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग सावरणारी सेटिंग) ऑटोवर सोडू नका. डेलाइटवर ठेवा आणि रॉमध्ये काढा, बाकी घरी बघता येतं. घरी रंग अजून भडक वाटला तर अख्ख्या फोटोचं सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) न खेचता फक्त निळा आणि जांभळा थोडा खाली आणा. प्रिंट काढायची असेल तर हे हवंच, कारण एलईडीचा कडक निळा प्रिंटच्या रंगांत मावत नाही आणि कागदावर पुन्हा तोच सपाट पट्टा येतो.

मोबाइलवाल्यांसाठी

नाइट मोड बरेच फोटो एकावर एक जोडतो, म्हणून बदलते रंग त्यात कालवले जातात. तो बंद करा. स्क्रीनवर पाण्याच्या सगळ्यांत उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी खाली ओढा. प्रो मोड असेल तर शटर १/५० आणि आयएसओ शक्य तितका कमी. मोबाइल कशाला तरी टेकवाच.

पावसाळ्यातली वाफ

एसी गाडीतून थेट पाण्याजवळ कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते, आणि पुसली तरी लगेच परत येते. पोहोचल्यावर कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, बाहेरच्या हवेला येऊ द्या. वाफ आतल्या काचेवर दिसत असेल तर लेन्स बदलायला काढू नका, दमट हवा सरळ सेन्सरपर्यंत जाते.

इथं थांबा

पुढच्या गोष्टी घरी दुरुस्त करायच्या नाहीत.

दुपारी उन्हात, निळ्या आकाशाचा एक फोटो काढा. ही परीक्षा फुकट आहे आणि निकाल स्वच्छ देते. उन्हात दिव्याची लुकलुक नसते, त्यामुळे तिथंही पट्टे आले तर दोष शटरचा किंवा सेन्सरचा आहे, कॅमेरा सर्व्हिसला द्या. छिद्र एफ/४, एफ/८, एफ/१६ असं बदलूनही, शटर आणि आयएसओ तेच ठेवून, फोटोंचा उजेड बदलला नाही तर लेन्सच्या आतल्या पाकळ्या अडकल्या आहेत. लेन्समधून टॉर्च आरपार मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी आहे. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सना ती लागतेच. लेन्स उघडायला जाऊ नका. काचांची जुळणी हलली की ती घरी परत बसत नाही, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर पुसून जात नाही.

कॅमेऱ्यात पाणी गेलंय अशी शंका आली तर चालू करून बघण्याचा मोह आवरा. बॅटरी आणि कार्ड काढा, हेअर ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते. तसाच सर्व्हिस सेंटरला न्या, शक्यतो दुसऱ्याच दिवशी.

पाण्याजवळच्या स्टीलच्या कठड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर फोटो तिथंच संपला. मागे या, आजूबाजूच्या मुलांना मागे घ्या, मॅनेजरला मेन स्विच पाडायला सांगा. पाण्यातला दिवा किंवा पंप स्वतः हलवायचा नाही, ते काम इलेक्ट्रिशियनचं.

आणि पावसाळ्यात डोंगरातल्या खऱ्या धबधब्यावर रात्री टॉर्चने रोषणाई करून फोटो काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एक कुटुंब वाहून गेलं, तेही भर दिवसा. वर कुठे पाऊस वाढला हे खाली उभ्या माणसाला कळत नाही, आणि अंधारात पाणी चढताना दिसतही नाही. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अशा जागांवर बंदीचे आदेश काढतं, ते पाळा. धरणाचा सांडवा टिपायचा असेल तर नदीपात्रात न उतरता रस्त्यावरून लांब लेन्सने टिपा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की शहरातला भिडे पूल पाण्याखाली जातो, मग धरणाच्या पायथ्याशी उभ्या माणसाला किती वेळ मिळेल याचा विचार करा.

सर्व्हिसला जाताना मूळ फाइल कार्डवर तशीच ठेवा: रात्रीचा बिघडलेला फोटो, उन्हातल्या परीक्षेचा फोटो आणि छिद्र बदलून काढलेले तीन. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत चालत नाही, त्यातून शटर, छिद्र, आयएसओ ही माहिती निघून जाते आणि कारागिराला अंदाजाने काम करावं लागतं. दिवे कुठल्या रंगाचे होते आणि ते बदलत होते का, हे चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्यासोबत द्या.